पहिली जुनी छोटी गाडी: लाल मिनी, रंग उडालेली बीटल की खोक्यांतली फियाट?

मंदगती

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मला एक जुनी, छोटी गाडी घ्यायची आहे. रोजच्या कामाला नवी गाडी आहे, त्यामुळे हिच्यावाचून काही अडणार नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी काढायची, पन्नास-साठ किलोमीटर फिरवून आणायची आणि जमेल तेवढं काम स्वतःच्या हाताने करायचं, एवढीच हौस. झाकलेली जागा आहे. हत्यारं म्हणाल तर पान्यांचा एक सेट आणि जॅक. वेल्डिंग येत नाही. चोक ओढून गाडी सुरू करण्याचा अनुभव शून्य.

सध्या तीन गाड्या डोक्यात आहेत. पहिली मिनी १०००, सत्तरच्या दशकातली. नुकताच लाल रंग दिलाय आणि विकणारा म्हणतो, 'फुल रिस्टोअर'. दुसरी बीटल १३००. रंग उडालेला, एका मडगार्डचा रंग वेगळाच, पण मालक आजही तिने कामावर जातो. तिसरी फियाट ५०० एल. इंजिन बाहेर, सीटा बाहेर, बाकी सगळं खोक्यांत. 'नव्वद टक्के काम झालंय, फक्त जोडायचं बाकी' असं सांगतात. तिघींत तीच सगळ्यात स्वस्त.

माझं मन मिनीवर आहे. लेकीने (वय आठ) फियाटला मत दिलंय, कारण 'ती हसते'. बीटलच्या बाजूने घरात कोणीच नाही. माझी उंची पाच फूट दहा. बघायला जाईन तेव्हा नेमकं काय बघू?

काजळीमास्तर

निकाल आधी, कारणं मागाहून. बीटल. अर्थात तिच्याखाली आडवं होऊन पाहिल्याशिवाय नाही.

तुमच्या सगळ्या वर्णनात मला कामाचं वाक्य एकच सापडलं: 'मालक आजही तिने कामावर जातो.' चालत्या गाडीचे ब्रेक रोज दाबले जातात, म्हणून व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक ढकलणारे छोटे सिलिंडर) जाम होत नाहीत. पेट्रोल फिरतं राहतं, म्हणून ते आटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये डिंकासारखं बसत नाही. ऑइल सील सुकत नाहीत. आणि काही बिघडलंच, तर गाडी उद्या सकाळी हवी असल्याने मालक त्याच दिवशी हात घालतो. उभ्या गाडीत हेच सगळं गुपचूप सडत असतं आणि त्याचा हिशोब नव्या मालकाच्या नावावर निघतो.

आता लाल मिनी. ताजा रंग बघून लोकांचा जीव हरखतो, माझ्या पोटात गोळा येतो. जुन्या गाडीला रंग दोन कारणांनी देतात, ठेवायची म्हणून किंवा विकायची म्हणून, आणि हा गृहस्थ तर विकतोय. त्याच्याकडे कामाचे फोटो मागा. झालेल्या गाडीचे नव्हेत, रंग खरवडून उघडा केलेला पत्रा, कापून काढलेला गंज, वेल्ड केलेला नवा तुकडा, असे. ज्याने खरंच इतकं काम केलंय तो फोटो काढल्याशिवाय राहूच शकत नाही. तुम्ही न मागता मोबाईल पुढे करेल, चहा गार होईपर्यंत दाखवत बसेल. फोटो नाहीत म्हणाला, तर 'फुल रिस्टोअर'चा अर्थ पुट्टी आणि स्प्रे असा घ्या.

यात एवढं काय, असं वाटेल. तर मिनीला आणि फियाटला वेगळी चासी नाही, पत्रा हीच चासी. दाराखाली जो आडवा पोकळ भाग असतो, ज्याला सिल म्हणतात, तो गाडीचा कणा धरून ठेवतो. तो आतून सडला की गाडी मधोमध वाकायला लागते. इंजिनाचं काय, पिस्टन-रिंग मिळतात, हेड उतरवता येतं, अगदी अख्खं इंजिन बदललं तरी चार दिवसांचं काम. सडलेला पत्रा मात्र कापायला घेतला की कुठे थांबेल ते कापणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि तुम्हाला वेल्डिंग येत नाही. कित्येकदा पत्र्याचं बिल गाडीच्या किमतीला मागे टाकतं.

म्हणून बघायला जाताना एक छोटं, हलकं लोहचुंबक घ्या, पातळ कापडात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. जोरदार चुंबक नको, ते पुट्टीवरूनही खेचतं आणि सगळं छान असल्याचं सांगतं. सिलवर, दारांच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीवर फिरवा. जिथे सुटून पडेल तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे. मिनीत आणखी बघायचं ते पुढच्या चाकामागचा, दाराच्या बिजागरीपर्यंतचा पत्रा, पुढच्या काचेखालची पट्टी, डिकीत बॅटरीचा खड्डा आणि मागची सबफ्रेम. ही सबफ्रेम म्हणजे मागची चाकं धरणारी लोखंडी चौकट. ती सडणं हा मिनीचा जुनाच आजार आहे. सिल तर फार हुशारीने झाकतात. मूळ सिल अरुंद असते, तिच्यावरून थेट फरशीच्या पत्र्यापर्यंत जाणारी रुंद पट्टी ठोकतात आणि आत गंज सुखाने नांदत राहतो. खालून सगळीकडे काळं कोटिंग ताजं, चकचकीत दिसलं, तर ते कशासाठी मारलंय हे विचारायचं.

आणखी एक सोपी परीक्षा. मालकाची परवानगी घेऊन एका बाजूच्या जॅकच्या जागी गाडी उचलायची आणि त्या बाजूचं दार उघडून लावून पाहायचं. आधी नीट लागणारं दार आता अडकलं किंवा फट बदलली, तर नमस्कार करून घरी यायचं. गाडी उचलायला परवानगीच दिली नाही, तरी तेच.

फियाटबद्दल थोडक्यात. गाडी ज्याने सोडली त्यालाच ती जोडता येते, कारण कुठला स्क्रू कुठून आला ते त्याच्या डोक्यात असतं, खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्यात काय नाही हे तुम्हाला जोडताना कळणार, तेही एकेक करून. चालवून बघता येत नाही, आवाज ऐकता येत नाही. स्वस्त आहे ती याचसाठी. लेकीला सांगा, ती तूर्तास हसत नाहीये, तिचे दात खोक्यात आहेत.

बीटल कशी तपासायची ते रात्री लिहितो.

रबरकोन

मास्तर, तुम्ही मिनीला कायम सावत्र वागवता.

मंदगती, पत्र्याबद्दल मास्तरांचं शंभर टक्के बरोबर. पण एखादी चांगली मिनी मिळाली तर सोडू नका. १९५९ साली अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं घातलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली सरकवला आणि जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवली. २००० सालापर्यंत बनली, पन्नास लाखांहून जास्त. त्यामुळे सुटे भाग अजून बनतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज तर अख्खी नवी बॉडीसुद्धा बनवते. आणि वळणावर मिनीइतकी मजा बाकी दोघी देत नाहीत, हे मास्तरांनाही माहीत आहे.

मिनीची खास मेख अशी की इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. दातऱ्यांनी ते ऑइल दळलं जातं, म्हणून पाच हजार किलोमीटरच्या आत बदलायचं, आणि २०डब्ल्यू-५०च वापरायचं. विकणाऱ्याला शेवटचं ऑइल कधी बदललं ते विचारा. उत्तर द्यायला तो आठवू लागला तर गिअरबॉक्सची अवस्था काय असेल ते समजा. ऑइल काढायच्या बोल्टला चुंबक असतं. करड्या रंगाची बारीक लापशी चिकटलेली असेल तर ते नेहमीचं, लोखंडाचे कण्या-तुकडे असतील तर नाही. चालवताना तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरून पाहा, खरखर येते का. मग अॅक्सिलरेटर एकदम सोडा, गिअर आपोआप निसटतो का बघा.

गाडीच्या मागे उभं राहूनही बघा. मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली तर रेडियस आर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, ग्रीस मिळालेलं नाही. आणि गाडी एकूणच जमिनीला टेकल्यासारखी दिसली तर सस्पेन्शनचे रबरी कोन बसलेत. कोन बदलणं अवघड नाही, माझ्या नावाची शपथ.

शिवाय हेड बिडाचं आहे. जुन्या काळी पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह सीटांना, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडांना, सांभाळायचं. आता शिसं नाही, तेव्हा हेडमध्ये कडक सीटा बसवल्यात का हे विचारून घ्या. नसतील आणि तुम्ही आरामात चालवणार असाल, तर घाई नाही.

दोनसिलिंडर

फियाटवाला हजर. मास्तरांशी भांडायला आलो होतो, पण खोक्यातली गाडी पहिली गाडी म्हणून मीही घेऊ देणार नाही. चालती मिळाली तर मात्र विचार करा.

काय वाटेला येणार ते सांगतो. ५०० सीसीला अर्धा सीसी कमी, हवेवर थंड होणारं, मागे बसवलेलं दोन सिलिंडरचं इंजिन, अठरा अश्वशक्ती. सुरू करायला किल्ली फिरवून भागत नाही, गिअरच्या दांड्यामागे दोन छोट्या कांड्या असतात, एक चोकची आणि एक स्टार्टरची, ती ओढायची. गिअरबॉक्समध्ये सिंक्रो (गिअर बदलताना दातऱ्यांचा वेग जुळवणारी सोय) नाही, म्हणून खालच्या गिअरमध्ये येताना डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, सोडून थोडा अॅक्सिलरेटर, पुन्हा दाबून गिअर. आठवड्याभरात पायात बसतं. नाही बसलं तर दातऱ्या ओरडून सांगतात. हमरस्त्यावर मागचे ट्रक तुमच्या आरशात घर करून राहतात, त्याची मनाची तयारी ठेवा.

एल मॉडेल असेल तर एक चैन आहे, पेट्रोलचा काटा. साध्या ५००ला नुसता दिवा.

शंकेखोर

सगळे गंजावर बोलताय, लेकीचं कोणीच बोलत नाही. मागच्या सीटला पट्टे आहेत का? या वयाच्या बऱ्याच गाड्यांना मागे पट्टे नसतातच. मुलाच्या सीटसाठी लागणाऱ्या कड्या तर सोडूनच द्या. पट्टे बसवायला पत्र्यात मुळातच नट असलेल्या जागा आहेत का हे बघा, नसतील तर कुठेही भोक पाडून बोल्ट मारण्यात अर्थ नाही, ओढ बसली की पत्र्यासकट निघून येतो.

आणि ब्रेक. जुन्यांपैकी अनेकींना ब्रेक ऑइलच्या नळ्यांचं एकच सर्किट असतं. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर किंवा एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला आणि चारही ब्रेक गेले. दोन सर्किट असतील तर निदान दोन चाकं उरतात. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलतो तो) एका सर्किटचा आहे की दोन, ते आधी विचारा, रंग नंतर.

हिरवंतेल

शंकेखोरांच्या मुद्द्याला शेपूट. उद्या चौथी म्हणून सिट्रोएन टूसीव्ही समोर आली, तर लक्षात ठेवा: १९८१पासूनच्या, पुढे डिस्क ब्रेक असलेल्या टूसीव्हीत ब्रेकसाठी हिरवं खनिज तेल लागतं, एलएचएम. कुणी सवयीने नेहमीचं ब्रेक ऑइल ओतलं असेल तर सगळी रबरी सील फुगून खलास. बाटली उघडून रंग बघायचा. धाग्याशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काजळीमास्तर

रात्र झाली, बीटल घेतो.

आधी फोन करून सांगा की गाडी सकाळपासून सुरू करू नका, मी येईन तेव्हाच करू. पोचल्यावर बोलता बोलता इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. बीटलचं इंजिन मागे, हे लेकीलाही सांगून ठेवा. गरम लागलं तर थंडपणी लपवण्यासारखं काही आहे. जुन्या गाडीचं खरं दुखणं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. सेल मारताना सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. सुरू होताना थोडा निळा धूर आला आणि थांबला तर घाबरू नका, झोपलेल्या सिलिंडरांत तेल उतरतं. जोर दिल्यावर सतत निळा आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते कार्बोरेटरवर निभावतं.

मग गाडी बंद करायची, किल्ली खिशात घालायची आणि क्रँकची पुली (इंजिनाच्या मागच्या बाजूला खाली असलेलं, पट्टा फिरवणारं चाक) दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढायची. गोल फिरवायची नाही, आपल्याकडे ओढायची आणि आत ढकलायची. नवीन इंजिनात ही हालचाल ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर, म्हणजे हाताला जेमतेम जाणवते. ठक असा आवाज आला किंवा हालचाल डोळ्यांना दिसली तर मेन बेअरिंगची बैठक गेली, इंजिन पूर्ण उघडावं लागणार. फुकटात होणारी इतकी पक्की तपासणी दुसऱ्या कुठल्या गाडीत नाही.

इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेची रबरी पट्टी जागेवर आहे का बघा. हे इंजिन हवेवर जगतं. पट्टी नसेल तर खालची तापलेली हवा वर येऊन पुन्हा पंख्यात जाते, आणि आधी भाजतो तो तिसरा सिलिंडर. 'नुसते पत्रे आहेत, काढून टाकले' म्हणणाऱ्या मिस्त्रीने ते इंजिन सांभाळलेलं नाही.

पेट्रोलचे पाइप बोटांनी दाबा. कडक झालेले, चिरा पडलेले असतील तर घरी न्यायच्या आधी बदला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, आणि बीटलमध्ये गळणारं पेट्रोल गरम इंजिनावर, ठिणगी देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आसपास पडतं. पुढचं सांगत नाही.

पत्रा. बीटलला खाली वेगळी फरशी आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, त्यामुळे ती मिनीपेक्षा क्षमाशील. फरशीचे पत्रे सुटे मिळतात. पण दाराखालून जाणारी हीटरची पेटी, जिच्यातून गरम हवा पुढे येते, ती सडली तर मोठं काम. गालिचा उचलून तिथे अंगठ्याने दाबा. मग मागची सीट उचला. उजवीकडे बॅटरी असते, आणि तिच्या अॅसिडने खालचा पत्रा खाल्लेला असतो, कमी किंवा जास्त एवढाच प्रश्न. बॅटरीवर झाकण आहे का तेही पाहा. नसेल आणि वर वजनदार माणूस बसला, तर सीटची स्प्रिंग टोकांना लागते आणि सीटच्या भुशाला आग धरते.

शेवटी टायर. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपुढचा टायर बदलायचा, रबर आतून मरतं.

उंचीचा प्रश्न राहिला. बीटलमध्ये डोक्यावर भरपूर जागा आहे, मिनीत स्टिअरिंग बसच्यासारखं आडवं येतं. दोन्हींत वीस मिनिटं बसून बघा, शोरूममधल्यासारखं दोन मिनिटं नव्हे.

मंदगती

सगळ्यांचे आभार. जाऊन आले, तिन्ही पाहिल्या.

मिनी: सकाळची वेळ ठरवूनही पोचले तेव्हा बॉनेट चांगलंच गरम. विचारलं तर म्हणाला, 'तुमच्यासाठी वॉर्म अप करून ठेवली.' दोन्ही दारांच्या खाली चुंबक सरळ घसरलं. कामाचे फोटो जुन्या फोनमध्ये होते आणि तो फोन हरवलाय. जॅक लावू का म्हटलं तर रंग जाईल म्हणाला. खालून कोटिंग इतकं ताजं की बोटाला काळं लागलं. पण दिसते काय सुंदर! परत येताना दोनदा मागे वळून बघितलं.

फियाट: खोकी मोजायचं सोडून दिलं. एका खोक्यात दुसऱ्याच गाडीचा आरसा निघाला.

बीटल: दुसऱ्या सेलला सुरू झाली. पुली ओढली, ठक नाही. जॅकवर उचलल्यावर दार तसंच लागलं. मालकाने न विचारता बिलांची फाइल काढली आणि स्वतःच सांगितलं की बॅटरीखाली तळहाताएवढं भोक आहे, त्यावर त्याने लाकडी फळी टाकलीये. हीटरच्या पेट्या अंगठ्याला घट्ट लागल्या. पेट्रोलचे पाइप चिरलेले. टायरवर शेवटचे दोन आकडे ०९. ब्रेकची दोन सर्किटं आहेत. मागे पट्टे नाहीत, पण बोल्टच्या जागा आहेत, प्लास्टिकच्या टोप्यांखाली.

चालवली. ब्रेक दाबल्यावर गाडी थोडी डावीकडे ओढते. भोकामुळे सोडू का? आणि घेतलीच, तर सगळ्यात आधी काय करू?

काजळीमास्तर

भोक सांगणारा मालक सोडू नका.

तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करणं हे कुठल्याही बऱ्या वेल्डरचं एका दिवसाचं काम. फक्त त्याच्यासमोर बॅटरी काढून ठेवा आणि गालिचा, सीट सगळं बाहेर. भोक, टायर आणि पाइप तिन्ही धरून किंमत खाली आणा. फळीसाठी वेगळी कमी करू नका, त्याने प्रेमाने टाकलीय.

डावीकडे ओढणं म्हणजे बहुधा उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक कमी धरतोय, सिलिंडर जाम असेल किंवा शूला तेल लागलं असेल. ड्रम उघडल्यावर कळेल. आणायच्या आधी पेट्रोलचे पाइप, आणल्यावर ब्रेक आणि टायर, हे झाल्याशिवाय लेक गाडीत बसणार नाही, पट्टे बसवल्याशिवाय तर नाहीच. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, ते हवेतलं पाणी पितं. मग इंजिन ऑइल, अडीच लिटर. या इंजिनाला नेहमीसारखा ऑइल फिल्टर नसतो, खाली नुसती जाळी आहे, ती काढून धुवायची. त्याच वेळी व्हॉल्व्हची फट तपासा, ०.१५ मिलिमीटर. हे दोन्ही दर पाच हजार किलोमीटरला, आणि दोन्ही तुम्ही स्वतः करू शकता.

मंदगती

फट इंजिन गरम असताना मोजायची की थंड?

काजळीमास्तर

पूर्ण थंड. रात्रभर उभी राहिलेली, सकाळी काढायच्या आधी. तासाभरापूर्वी फिरवून आणलेली चालणार नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) विकत घ्या, कुणाचं मागून आणू नका, परत देताना वाद होतात.

रबरकोन

अभिनंदन. बीटल का होईना.

मंदगती, त्या लाल मिनीवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? बॉडी गेली असली तरी इंजिन आणि काचा मला चालतील. आणि बॉनेट गरम होतं म्हणालात, म्हणजे निदान ते सुरू होतंय.